बंद फोर्ड की चालू मॉरिस? सोलापुरात युद्धपूर्व गाडी उभी करताना

मागच्या महिन्यात भाच्यानं मोबाइलवर दोन गाड्यांचे फोटो पाठवले. एक १९३० ची फोर्ड मॉडेल ए, बार्शीकडच्या एका वाड्याच्या ढेलजेत कित्येक वर्षं उभी. इंजिन जाम, टायरांचा भुगा, मागच्या सीटवर कोंबड्यांचा मुक्काम. दुसरी १९३६ ची मॉरिस एट, सोलापुरातच, रंग ताजा लालभडक, दोनदा हॅण्डल मारलं की सुरू. दोघींच्या किमतीत फार फरक नाही. "मामा, चालू आहे तीच घेऊ ना?"

मी त्याला थांबवलं. माझ्याकडे स्वतःची मॉरिस एट आहे, तिच्यात सात वर्षं गेली. शेजारच्या मित्राकडे मॉडेल ए आहे, तिच्याखाली माझेही बरेच रविवार गेले. तेव्हा मी काही मॉरिसच्या विरोधात बोलत नाही. पण गाडी निवडताना बहुतेक जण आधी इंजिनाचा आवाज ऐकतात, मग रंग बघतात आणि हॅण्डल, दिवे, मीटर शेवटी मोजतात. सोलापुरात हा क्रम उलटा धरावा लागतो.

इंजिन: इथं घाबरू नका

गिरण्या बंद पडल्या, तरी टर्नर गावातच राहिले. यंत्रमागाचा तुटका दाता नमुना म्हणून दाखवला की संध्याकाळपर्यंत नवा करून देणारे लोक हे. नकाशा मागत नाहीत, तुकडा मागतात. आमच्या गाड्यांना असेच लोक लागतात, कारण नकाशा आपल्याकडेही नसतो.

दोन्ही गाड्यांच्या कनेक्टिंग रॉडमध्ये आजच्यासारखे तयार शेल बेअरिंग नसतात, व्हाइट मेटल (कथलाचा मऊ मिश्रधातू) थेट रॉडमध्ये ओतलेलं असतं. नव्या पिढीच्या गॅरेजवाल्याला हे दाखवलं की तो हात वर करतो. जुन्या ऑइल इंजिनांची आणि कारखान्यांतल्या पंपांची बेअरिंगं भरणाऱ्या म्हाताऱ्या मिस्त्रीला ते भांड्याला कल्हई करण्याइतकं ओळखीचं. खरं तर पहिली पायरी कल्हईचीच असते. रॉड घासून स्वच्छ करायचा, तापवायचा, कथलाचा पातळ थर चढवायचा, मग मध्ये मँड्रेल (भोक राखणारा गोल दांडा) धरून धातू ओतायचा आणि गार झाल्यावर लेथवर मापात आणायचा. थर नीट बसला की नाही ते मिस्त्री टिचकी मारून ऐकतात. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर परत वितळवायचं. माझे चारांतले दोन रॉड बद्द वाजले होते.

फोर्डचं इंजिन ३.३ लिटरचं, ४० हॉर्सपॉवरचं, कॉम्प्रेशन जेमतेम ४.२२ ला १. म्हणजे अंगानं पैलवान, स्वभावानं गरीब. जाम असलं तरी प्लगच्या भोकातून ऑइल-डिझेलचं मिश्रण सोडून आठ-पंधरा दिवस दम धरला आणि फ्लायव्हील हळूहळू हलवत राहिलं, तर बरेचदा सुटतं. मॉरिसचं इंजिन ९१८ सीसी, बोअर (सिलिंडरची रुंदी) ५७ मिलिमीटर आणि स्ट्रोक (पिस्टनची खाली-वर धाव) ९०. असा अरुंद, उंच सिलिंडर का? कारण विलायतेत तेव्हा गाडीचा कर बोअरच्या मापावर ठरायचा, स्ट्रोक कितीही वाढवा. सरकारच्या त्या हिशेबाचं ओझं आज आपण वाहतो. तसल्या मापाचा पिस्टन दुकानात मिळत नाही, ऑर्डर देऊन करून घ्यावा लागतो. एकाच वेळी चार घ्या, रिंगा दोन संच घ्या.

गंमत म्हणजे देशोदेशीच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पुरवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स आपल्याच गावची. पण लाखांत माल काढणाऱ्या कारखान्याकडे तुमच्या एका नगाचं काय काम? तो नग शेवटी गल्लीतल्या टर्नरकडेच जातो.

आट्यांचं प्रकरण

मॉरिस घेणाऱ्यानं हे नीट वाचावं. बोल्टच्या डोक्याला व्हिटवर्थचा, म्हणजे जुन्या इंग्रजी मापाचा पाना बसतो, म्हणून आपण समजतो की आटेही इंग्रजी. मी तसाच एक नट घेऊन टर्नरकडे गेलो. त्यानं आट्यांचा गेज लावला, काढला, परत लावला आणि म्हणाला, "काय ओ मालक, डोकं एका गावचं अन् आटे दुसऱ्या गावचे की!" बरोबरच होतं. मॉरिसनं १९२३ मध्ये कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला, तिथली यंत्रं मेट्रिक आट्यांची होती. यंत्रं बदलण्याऐवजी आटे मेट्रिकच ठेवले आणि इंग्रज मेकॅनिकांकडे पाने होते म्हणून डोकी व्हिटवर्थची केली. आधीच्या कुणीतरी माझ्या इंजिनात तीन ठिकाणी जबरदस्तीनं दुसरेच बोल्ट पिळून आटे घालवले होते, ते शून्यापासून भरून परत पाडावे लागले.

फोर्डला ही भानगड नाही. सगळे अमेरिकन इंची आटे, बोल्ट आजही मिळतात.

जे लेथवर होत नाही

आता मूळ मुद्दा. बुश, पिन, किंगपिन, स्प्रिंगचे पाटे, ब्रेकचं लायनिंग, रेडिएटरची जाळी, तांब्याचं हेड पॅकिंग ही सगळी कामं सोलापुरात होतात. ट्रकवाल्यांची कृपा. होत नाहीत ती ओतीव नक्षीची दाराची हॅण्डलं, हेडलॅम्पची काच, स्पीडोमीटर, डॅशबोर्डची चौकट, कार्बोरेटरची बॉडी, हुडाच्या घडीच्या लोखंडी कमानी, बॉनेटच्या कडीचा तो एक वाकडा तुकडा. यातली एकेक गोष्ट वर्ष खाते.

म्हणून भाच्याबरोबर लाल मॉरिस बघायला गेलो, तेव्हा इंजिन सुरू करायला मी सांगितलंच नाही. बॉनेट उघडलं. एसयू कार्बोरेटरच्या जागी कुठल्याशा व्हॅनचा कार्बोरेटर, डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर, डॅशबोर्डवर मीटरच्या ठिकाणी तीन भोकं. गाडी चालू होती, ती याच्याच जोरावर. खिशातलं लोहचुंबक रुमालात गुंडाळून मडगार्डवर फिरवलं. दोन ठिकाणी चिकटलं, बाकी सगळीकडे घसरलं. पत्र्याच्या जागी बोटभर लांबी (पुट्टी) भरलेली.

बार्शीची फोर्ड मात्र उपाशी पण अंगावर सगळे दागिने असलेली. झेनिथ कार्बोरेटर जागेवर, स्टिअरिंगखाली स्पार्क आणि थ्रॉटलच्या दोन्ही दांड्या जागेवर, दाराची हॅण्डलं जागेवर. शिवाय १९३०-३१ च्या मॉडेल एचं रेडिएटरचं कवच आणि हेडलॅम्पच्या वाट्या स्टेनलेस स्टीलच्या असतात, नुसतं बफिंग केलं की उजळतात. १९२८-२९ च्या गाडीत तेच काम निकल प्लेटिंगचं, खर्च आणि डोकेदुखी वेगळी. कमी होते फक्त दोन्ही हेडलॅम्प, आणि ते त्याच वाड्यात कुठंतरी आहेत असं मालकीणबाई ठामपणे सांगत होत्या.

लाकडाचंही बघा. मॉरिसच्या टूररच्या (उघड्या गाडीच्या) पत्र्याखाली लाकडी सांगाडा असतो, आणि वाळवीला मॉरिस-फोर्ड कळत नाही. दार उघडून वर उचलून पाहा, बिजागरीपाशी कचकच झाली तर सुताराचा खर्च धरा. उघड्या फोर्डमध्ये लाकूड त्या मानानं थोडं.

अस्सल, नवं की गावठी?

सुटे भाग मिळवायच्या तीन वाटा आहेत आणि कुठलीही एक धरून बसलात तर फसाल.

पहिली वाट अस्सल जुन्या मालाची. पुण्याचा बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईत चोर बाजार आणि कुर्ल्याची स्पेअर पार्टची दुकानं, चेन्नईचं पुदुपेट. धातूचा माल असेल तर याला तोड नाही. फोर्डच्या भागांवर कंपनीची सही ओतलेली सापडते, लुकासच्या डायनॅमोवर महिना-वर्ष ठोकलेलं असतं, त्यावरून गाडीशी जुळणी करता येते. पण डबाबंद जुना माल म्हणून रबर, कॉर्क, ब्रेकचा होज किंवा कंडेन्सर (ठिणगी पाडणाऱ्या व्यवस्थेतला छोटा विजेचा भाग) विकत घेऊ नका. डबा कितीही सुंदर असला तरी आतला कंडेन्सर वयानंच मेलेला असतो, आणि तो अक्कलकोट रोडवर भर दुपारी मरतो. माझा तिथंच मेला.

दुसरी वाट परदेशातून नव्यानं बनवलेला भाग मागवण्याची. इथं फोर्ड सरळ सरळ पुढे. मॉडेल ए चार वर्षांत ४८ लाखांवर बनल्या. त्यामुळे अमेरिकेत आजही स्क्रूपासून मडगार्डपर्यंत जवळजवळ सगळं नवं बनतं आणि प्रत्येक भागाला फोर्डचा जुनाच नंबर लागतो, कार्बोरेटर म्हणजे ए-९५१०, वाद नाही. मॉरिस एटही १९३५ ते ३८ मध्ये दोन लाखांवर विकली गेली, इंग्लंडात मॉरिस रजिस्टर नावाचा क्लब तिच्या मालकांना धरून आहे, पण तिकडं मिळतं ते पॅकिंग, रबर आणि झिजणारे भाग. बाहेरची सजावट मोडीतूनच शोधायची.

फोर्डवाल्यांसाठी एक सूचना मात्र मोठ्या अक्षरात लिहायला हवी. आपल्याकडच्या फोर्ड कॅनडाच्या कंपनीमार्फत आलेल्या, उजव्या हाताच्या, म्हणजे स्टिअरिंग उजवीकडे. अमेरिकेतला माल डाव्या हाताचा. इंजिन, चाकं, दिवे यांना फरक पडत नाही, पण स्टिअरिंग बॉक्स आणि पेडलांकडचे भाग डोळे झाकून मागवले तर ते कपाटात ठेवायला होतात. त्यासाठी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडकडे विचारायचं. आणि कुरिअर आणि कस्टम वस्तूपेक्षा जड पडतात, म्हणून एकेक नट मागवू नका, यादी साचू द्या.

तिसरी वाट गावातच बनवून घ्यायची. यात एकच नियम मी पाळतो: मूळ तुकडा, कितीही मोडका असो, टाकायचा नाही आणि शक्यतो नजरेआड जाऊ द्यायचा नाही. स्पीडोमीटर मी बाहेरगावी दुरुस्तीला पाठवलं, परत आलं ते चकचकीत, चालू, पण दुसऱ्याच गाडीचं. माझं कुठं गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. तेव्हापासून प्रत्येक भागाचे चार बाजूंनी फोटो काढतो आणि आतल्या अंगाला खिळ्यानं खूण करतो.

ऊन, उतार आणि पेट्रोल

सोलापूरचा मे महिना मॉरिसच्या रचनाकारांनी पाहिलेला नव्हता. मॉरिस एटच्या सिरीज वन आणि टू या पहिल्या दोन आवृत्त्यांमध्ये पाण्याचा पंपच नाही, गरम पाणी आपसूक वर चढतं आणि गार खाली येतं यावर सगळी मदार. बेचाळीस अंशांत सात रस्त्याच्या सिग्नलला अडकलात की किटली झालीच. फोर्डला पंप आहे. माझी मॉरिस मार्च ते जून फक्त पहाटे बाहेर पडते, त्यात मला दुःख नाही.

ब्रेकमध्ये पारडं फिरतं. मॉरिसला लॉकहीडचे हायड्रॉलिक ब्रेक, सिलिंडरला स्लीव्ह घालून आणि नवे सील बसवून उत्तम लागतात. फोर्डचे ब्रेक दांड्यांवर चालणारे. चारही चाकं सारखी लावून घ्यायला कौशल्य लागतं आणि मूळचे पत्र्याचे ड्रम तापले की फुगतात. जाणते लोक ओतीव लोखंडाचे ड्रम टाकतात, तुम्हीही टाका, अस्सलपणाचा हट्ट इथं नको. गिअरही मॉरिसचे सोपे, वरच्या दोन गिअरना सिंक्रोमेश (गिअर खरखर न करता पडावा म्हणूनची सोय) आहे. फोर्डला डबल क्लच, म्हणजे एका गिअरसाठी दोनदा क्लच दाबणं, शिकावाच लागेल.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, त्यातलं थोडं आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचं. जुन्या रबरी नळ्या आणि एसयू कार्बोरेटरमधल्या कॉर्कच्या चकत्या त्याला टिकत नाहीत, बदलून घ्या. आणि फोर्डचं चाक १९ इंची म्हणून कुणी बुलेटचा टायर सुचवला तर हात जोडून नाही म्हणा. आकडा जुळतो, वजन पेलत नाही.

कागद

२०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते. नव्यानं नोंदवायची तर शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढच्या वेळी ५,०००. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं येतात, पण आधीची नोंदणी असेल तर जुना नंबर ठेवता येतो, आणि तोच ठेवावा. रोजच्या वापराला ही गाडी चालत नाही. मोठी अट अशी की चेसिस, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल झालेला नको. कधीकाळी सर्व्हिस मोटर म्हणून धावलेल्या आणि नंतर डिझेल इंजिन बसवलेल्या फोर्ड बऱ्याच आहेत, त्या स्वस्त का मिळतात ते यावरून समजावं. मॉडेल एचा नंबर इंजिनाच्या डाव्या अंगाला ठोकलेला असतो. तारेच्या ब्रशनं घासून तो आरसी बुकाशी अक्षर-अक्षर जुळवा. बार्शीच्या गाडीचा जुळला.

भाच्यानं फोर्डला विसार दिला आहे. गेल्या रविवारी आम्ही बॅटरी आणि शिडी घेऊन वाड्याच्या माळ्यावर चढलो. डावा हेडलॅम्प कणगीमागे पोत्यात गुंडाळलेला निघाला, काच शाबूत. उजव्याचा शोध चालू आहे.