चौघींच्या प्रोजेक्टसाठी गिटहब: माझा अनुभव
टीवाय बीएससी आयटीच्या शेवटच्या सेमिस्टरला आम्ही चौघींनी वाचनालयाचं ॲप केलं. पहिले तीन आठवडे कोडच्या झिप फाइल एकमेकींना पाठवत होतो. एका रात्री माझं अख्खं लॉगिनचं पान जुन्या फाइलखाली गेलं. मला रडूच आलं.

मग गिटहबवर आलो, म्हणजे कोड ऑनलाइन ठेवून सगळ्यांनी मिळून त्यावर काम करायच्या साइटवर. २०२० पासून खासगी रिपॉझिटरीत (प्रोजेक्टच्या ऑनलाइन फोल्डरमध्ये) कितीही जणांना फुकट घेता येतं, त्यामुळे खर्च शून्य. नियम एकच ठेवला: जिची तिची ब्रांच (कोडची वेगळी प्रत), आणि दुसरीने बघितल्याशिवाय मेनमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये, काही जायचं नाही. दोघींनी एकच ओळ वेगवेगळी बदलली की येणारे मर्ज कॉन्फ्लिक्टचे ते बाण पहिल्यांदा दिसले तेव्हा पोटात गोळाच आला. मी आणि एका मैत्रिणीने शेजारी बसून ओळ न् ओळ जुळवली, आणि तिचा कोड मला तेव्हा कुठे नीट कळला.

१०० एमबीपेक्षा मोठी फाइल गिटहब थेट चढवू देत नाही, डेमोचा व्हिडिओ वेगळा ठेवा. पासवर्डची फाइल आधीच इग्नोअरमध्ये (न चढवायच्या फाइलींच्या यादीत) टाका. एकदा हिस्ट्रीत (जुन्या बदलांच्या नोंदीत) गेली की काढणं जिकिरीचं.

व्हायवाला एक्स्टर्नलनी विचारलं, "यात तुझं काम कोणतं?" मी कमिटची, म्हणजे कोणी कोणता बदल केला त्या नोंदींची, यादी उघडली. सरांनी ती शेवटपर्यंत वाचली.