आरसी बग्गी, काही महिने वापरून: स्पीड नंतर बघा, आधी ती उघडते कशी ते बघा

बरेच महिने झाले ही आरसी, म्हणजे रेडिओ रिमोटवर चालणारी, गाडी वापरतेय, आता लिहायला हरकत नाही. पहिल्या आठवड्यातले रिव्ह्यू वाचून फारसं काही कळत नाही, तेव्हा सगळ्याच गाड्या छान वाटतात. माझी आहे १/१० स्केलची (खऱ्या गाडीच्या साधारण एक दशांश) बग्गी, टू व्हील ड्राइव्ह म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद मिळणारी, ब्रश्ड ५४० मोटर (आत कार्बनचे ब्रश असलेली साधी मोटर, ५४० हा तिचा आकार), रेडी टू रन म्हणजे बॉक्समधून जोडूनच येते. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण जे सांगायचंय ते या वर्गातल्या जवळपास सगळ्याच गाड्यांना लागू आहे. नवीन कोणी या छंदात पडायचं म्हणत असेल तर माझं म्हणणं एकच, टॉप स्पीडचा आकडा बाजूला ठेवा आणि गाडी उघडायला किती सोपी आहे आणि तिचे पार्ट सुटे मिळतात का ते आधी बघा.

खेळण्यातल्या रिमोटच्या गाडीत रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग), मोटरचा कंट्रोल वगैरे सगळं एकाच बोर्डवर असतं, ते गेलं की गाडी गेली. हॉबी ग्रेडमध्ये, म्हणजे माझ्यासारख्या छंदाच्या गाडीत, रिसीव्हर वेगळा, पुढची चाकं वळवणारा स्टीअरिंगचा सर्व्हो वेगळा, मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा ईएससी वेगळा, मोटर वेगळी. जे बिघडलं तेवढंच बदलायचं. आणि कंट्रोल प्रपोर्शनल असतो, ट्रिगर जरासा दाबला तर गाडी जराशीच सरकते, स्टीअरिंग जेवढं फिरवाल तेवढीच चाकं वळतात. हा फरक फोटोत दिसत नाही, पण हातात रिमोट घेतल्यावर दोन मिनिटांत कळतो.

चालवण्याबद्दल आधी. समोरून आपल्याकडे येणाऱ्या गाडीचं डावं उजवं उलटं होतं, हे सगळ्यांना माहीत असतं पण बोटांना माहीत नसतं. यावर उपाय म्हणजे आपण गाडीत बसलोय असं समजून चालवायचं आणि मोकळ्या जागेत दोन वस्तू ठेवून त्यांच्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं, हळू. स्पीडने फिरवण्यापेक्षा हा आठ नीट काढता येणं जास्त उपयोगी आहे, कारण त्यात डावी वळणं, उजवी वळणं, येणारी गाडी, जाणारी गाडी सगळं येतं. रिमोटवर थ्रॉटल लिमिटचं, म्हणजे मोटरला मिळणारी ताकद मर्यादित करणारं, बटण असेल तर सुरुवातीला ते निम्म्यावर ठेवा, लाजायचं काही कारण नाही. टू व्हील ड्राइव्हमध्ये ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो, म्हणून वळणात जोरात ब्रेक मारला की मागचा भाग फिरतो, आणि सुट्ट्या मातीवर ट्रिगर एकदम दाबला तरी तेच होतं. याचा त्रास होतो पण बोट हलकं ठेवायची सवय यातूनच लागते, म्हणून पहिली गाडी टू व्हील ड्राइव्ह असणं मला चांगलंच वाटतं. उडी मारताना अजून एक मजा, गाडी हवेत असताना थ्रॉटल दिला की नाक वर उचललं जातं आणि ब्रेक दाबला की खाली येतं, म्हणजे हवेत सुद्धा गाडी सावरता येते. पहिल्यांदा हे मुद्दाम करून जमलं तेव्हा मला जो आनंद झाला तो कुठल्याही स्पीडने झाला नसता.

चालू करताना आधी रिमोट, मग गाडी, आणि बंद करताना आधी गाडी मग रिमोट. हे पाळाच. फेलसेफ पण सेट करून घ्या, म्हणजे सिग्नल तुटला तर थ्रॉटल न्यूट्रल किंवा ब्रेकवर जातो, नाहीतर दीड दोन किलोची गाडी कोणाच्या पायावर जाऊन आदळेल सांगता येत नाही. आता जवळजवळ सगळं २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, रिमोट आणि रिसीव्हर एकमेकांशी बाइंड होतात म्हणजे जोडले जातात, त्यामुळे शेजारी दहा गाड्या असल्या तरी गोंधळ नाही. पूर्वी २७ मेगाहर्ट्झच्या सेटमध्ये चॅनल ठरवणारे क्रिस्टल असायचे आणि दोघांचा चॅनल एकच निघाला तर एकाला थांबावं लागायचं.

बॅटरीवर जरा जास्त लिहिते, कारण नवीन लोक इथेच घाई करतात. बॉक्समध्ये आलेली बॅटरी निकेल मेटल हायड्राईड, सहा सेल, ७.२ व्होल्ट. साधी, सोशिक, शिकायला उत्तम. पण शेवटी शेवटी गाडी हळू हळू मरगळत जाते. नंतर मी टूएस लायपो (दोन सेलची लिथियम पॉलिमर बॅटरी) घेतली, नॉमिनल ७.४ व्होल्ट, फुल चार्ज ८.४, आणि ती जवळजवळ शेवटपर्यंत एकसारखी ताकद देते. मात्र लायपोची शिस्त वेगळी आहे. प्रत्येक सेल ४.२ व्होल्टच्या वर जाता कामा नये आणि साधारण ३ व्होल्टच्या खाली उतरता कामा नये. म्हणून चार्जर बॅलन्स करणाराच, म्हणजे सगळे सेल सारखे भरणारा, हवा, आणि ईएससीवर बॅटरी कुठली आहे ते सांगणारा जंपर किंवा सेटिंग असतं ते लायपोवर आहे ना ते बघायचं, तरच गाडी वेळेवर कट ऑफ घेते, म्हणजे बॅटरी फार उतरायच्या आत मोटरची ताकद तोडते. ५००० एमएएचची बॅटरी १ सीने, म्हणजे क्षमतेच्या आकड्याइतक्याच करंटने, ५ अँपिअरने चार्ज करायची, घाई नाही. चालवायची नसेल तर स्टोरेज मोडवर टाकून सेलला ३.८ च्या आसपास ठेवायची, फुल चार्ज करून कपाटात ठेवलेली लायपो लवकर खराब होते. चार्जिंगला लावून बाहेर जायचं नाही, फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, मग ती कितीही नवी असो. या बाबतीत माझं मत अजिबात लवचिक नाही.

आता मुख्य मुद्दा, गाडी उघडणं. काही आठवड्यांनी स्टीअरिंगच्या सर्व्होतले प्लास्टिकचे दात गेले. बॉक्समधला सर्व्हो या किमतीच्या गाड्यांमध्ये बहुतेक असाच असतो, ही तक्रार आहेच. पण माझ्या गाडीत सर्व्हो दोन स्क्रू काढले की हातात येतो, त्यामुळे मेटल गिअरचा नवा बसवायला फार वेळ लागला नाही. नवा घेताना एक गोष्ट बघा, सर्व्होच्या दांड्यावरचे दात कंपनीनुसार २३, २४ किंवा २५ असतात, सर्व्हो सेव्हर (सर्व्हो आणि स्टीअरिंगच्या मधला स्प्रिंगचा भाग) त्याला जुळायला हवा. आणि मेटल गिअर आले म्हणून सर्व्हो सेव्हर काढून टाकू नका, चाकाला बसलेला धक्का तोच झेलतो.

पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि स्पर (तो ज्याला फिरवतो तो मोठा गिअर) यांची मेश लावणं, म्हणजे दात एकमेकांत नीट बसवणं, हे सगळ्यात महत्त्वाचं काम, पण त्याबद्दल नीट कोणी सांगत नाही. दोन्ही गिअरच्या मधे साध्या कागदाची अरुंद पट्टी घालायची, मोटर स्परकडे दाबून धरायची, मोटरचे स्क्रू आवळायचे, मग स्पर हाताने फिरवून कागद बाहेर काढायचा. कागदावर दातांच्या एकसारख्या घड्या पडल्या आणि कागद कुठे फाटला नाही तर जमलं. मग पिनियन धरून स्पर बोटाने मागे पुढे हलवायचा, अगदी किंचित खेळ जाणवला पाहिजे. हे एकाच ठिकाणी बघून भागत नाही, स्पर थोडा थोडा फिरवत चार पाच ठिकाणी बघायचं, कारण प्लास्टिकचा स्पर अगदी गोल नसतो, एका जागी सैल लागतो आणि दुसऱ्या जागी घट्ट, आणि सेटिंग घट्ट जागेवरच करायचं. मेश फार घट्ट असली की गाडी किंचाळल्यासारखा आवाज करते आणि मोटर तापते, फार सैल असली की स्परचे दात खाल्ले जातात. आता मला नुसता आवाज ऐकून अंदाज येतो.

शॉकमध्ये (शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये) तेल भरणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. तेल भरायचं, पिस्टन सावकाश खालीवर करायचा, बारीक बुडबुडे वर येताना दिसतात, ते सगळे निघेपर्यंत शॉक उभा ठेवायचा आणि मगच टोपण लावायचं. दांडा दाबताना पिचपिच आवाज आला तर आत हवा राहिलीय, परत उघडा. दोन्ही बाजूचे शॉक एकसारखे झाले की गाडी खड्ड्यातून जाताना फरक इतका स्वच्छ दिसतो की काय सांगू.

बाकी देखभाल फार नाही. लांब गवतात चालवू नका, मोटर तापते आणि अ‍ॅक्सलला केस नि गवत गुंडाळलं जातं. चालवून झाल्यावर मोटरला बोट लावून बघा, बोट ठेववत नसेल तर पिनियन एक दोन दातांनी लहान करा. इलेक्ट्रॉनिक्स वॉटरप्रूफ असलं तरी बेअरिंग वॉटरप्रूफ नसतात, भिजली की पुसून तेलाचा थेंब द्या नाहीतर गंज धरतो. निळा थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ नये म्हणून लावायचा द्रव) फक्त धातूत जाणाऱ्या धातूच्या स्क्रूला, प्लास्टिकवर नको, तडे जाऊ शकतात. आणि १.५, २ आणि २.५ मिलिमीटरचे हेक्स ड्रायव्हर चांगल्या स्टीलचे घ्या, बॉक्समधली वाकडी पाना टाइप चावी स्क्रूचं तोंड गोल करून टाकते आणि मग साध्या कामाला तास लागतो.

ब्रशलेस, म्हणजे ब्रश नसलेली जास्त ताकदीची मोटर, कधी घ्यायची हे खूप जण विचारतात. ३३०० केव्हीची, म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला ३३०० फेरे घेणारी, मोटर टूएसवर हिशेबाने मिनिटाला २४ हजारांच्या वर फेरे घेते, पण ती सगळी ताकद शेवटी डिफ (दोन मागच्या चाकांत ताकद वाटणारे गिअर), ड्राइव्ह शाफ्ट आणि स्पर यांनाच सोसायची असते. ब्रश्डवर गाडी शांतपणे चालवता येते आणि मागचा गिअरबॉक्स स्वतः उघडून बंद करता येतो, असं झालं की खुशाल घ्या. मी अजून घेतलेली नाही आणि अजून कंटाळाही आलेला नाही.

नव्याने घेणाऱ्यांनी ऑर्डर करायच्या आधी त्या मॉडेलचा एक्सप्लोडेड व्ह्यू, म्हणजे सगळे पार्ट नंबरासकट सुटे दाखवणारं चित्र, शोधून बघावं. ते सापडत नसेल तर ती गाडी सोडून द्या. सापडलं तर पुढचे सस्पेन्शन आर्म, एक स्पर गिअर आणि बॉडी क्लिपांचं पाकीट गाडीबरोबरच मागवा, माझ्या अनुभवात आधी लागतात त्या याच वस्तू.