जुन्या घराच्या विक्रीसाठी घेतलेली सेवा : गिरगावातील अनुभव

गिरगावातील आमचे वडिलोपार्जित एकमजली लाकडी घर विकायचे ठरल्यावर सुरुवातीला जे दलाल आले, त्यांतील बहुतेकांनी उंबरठा ओलांडण्याआधी प्लॉटचे क्षेत्रफळ आणि एफएसआय (प्लॉटवर किती बांधकाम करता येते याचे प्रमाण) यांचीच चौकशी केली. सागवानी तुळया, मंगलोरी कौले, कोरीव कठड्याचा जिना हे सारे त्यांच्या लेखी पाडकामाचा खर्च होते. म्हणून दक्षिण मुंबईत जुन्या वास्तूंचेच व्यवहार पाहणाऱ्या एका लहान कार्यालयाकडे आम्ही हे काम सोपवले. गिरगाव-माझगावात अशाच निर्णयापाशी येऊन ठेपलेली कुटुंबे बरीच आहेत, त्यांच्यासाठी हा अभिप्राय सविस्तर लिहीत आहे.

या कार्यालयाचे सर्वांत मोलाचे काम म्हणजे विक्रीपूर्व पाहणी. त्यांच्यासोबत आलेल्या वास्तुविशारद बाईंनी तुळयांची टोके जिथे भिंतीत शिरतात, नेमक्या त्याच जागा आधी तपासल्या. हातोडीने हलके ठोकत जाताना मागच्या खोलीतील एका टोकाशी आवाज पोकळ आला आणि टोचा सहज आत गेला. कारणही त्यांनी तेथेच दाखवले. मूळ भिंती चुन्यातल्या होत्या, पण पुढे कधीतरी त्यांवर बाहेरून सिमेंटचा गिलावा चढवला गेला. त्यामुळे पावसाळ्यात मुरलेली ओल बाहेर पडायला वाट राहिली नाही आणि ती तुळईत उतरून वाळवीचे फावले. हे सारे छायाचित्रांसह आणि दुरुस्तीच्या अंदाजी खर्चासह अहवालात आले, आणि प्रत्येक इच्छुकाला घर दाखवण्याआधीच तो अहवाल देण्यात आला. आमच्या काकांना हे पटत नव्हते. प्रत्यक्षात मात्र उगाच येणारी गिऱ्हाइके त्यामुळे गळाली, घासाघीस झाली ती अहवालातल्या आकड्यांवरच, आणि ऐन करारनाम्याच्या वेळी नवा दोष पुढे करून किंमत पाडायला कोणाला जागा उरली नाही. घेणाऱ्या दांपत्याला घर राखायचेच होते, याचे मला मनापासून समाधान आहे.

कागदपत्रांचे कामही चोख झाले. प्रॉपर्टी कार्डावर, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी नोंदीत, आजोबांचेच नाव होते. वारसांची नोंद झाल्याखेरीज जाहिरात द्यायची नाही, ही त्यांची अट योग्यच होती. तळमजल्यावर पागडीचे (सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने राहणारे) एक भाडेकरू आहेत आणि घराचा मालक बदलला तरी १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचे त्यांचे संरक्षण कायम राहते, हे त्यांनी खरेदीदारांना पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले. मुंबईत जुन्या वास्तू जपण्यासाठीची वारसा नियमावली १९९५ पासून आहे. घर त्या नियमावलीखालील वास्तूंच्या यादीत आहे का, असल्यास कोणत्या श्रेणीत, आणि कोणत्या बदलांसाठी वारसा संवर्धन समितीकडे जावे लागेल, याचे टिपणही फाइलमध्ये होते.

करांच्या बाबतीत मात्र ही सेवा कमी पडली. विक्रीतल्या नफ्यावरचा कर काढताना २००१ पूर्वीच्या मालमत्तेसाठी १ एप्रिल २००१ रोजीचे बाजारमूल्य खरेदीची किंमत म्हणून धरता येते, आणि २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरावर भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला महागाई निर्देशांकाविना (म्हणजे खरेदीची किंमत महागाईनुसार न वाढवता) १२.५ टक्के किंवा निर्देशांकासह २० टक्के, यांतील कमी बसणारा कर भरता येतो. म्हणजे त्या २००१ च्या बाजारमूल्याचा नोंदणीकृत मूल्यमापकाचा दाखला किंमत ठरवण्याआधीच हाती हवा. आम्हाला हा विषय टोकन (विसाराची रक्कम) घेतल्यानंतर कळला, तोही आमच्या चार्टर्ड अकाउंटंटकडून. भावंडांच्या वाट्यांचे हिशेब त्यामुळे पुन्हा मांडावे लागले आणि घरात नाहक ताण निर्माण झाला.

दलाली २ टक्के असून पाहणी अहवालाचे शुल्क वेगळे आकारले जाते. विक्री झाली नाही तरी ते परत मिळत नाही, तेव्हा सही करण्यापूर्वी ते कलम नीट वाचावे, आणि अहवालाची मूळ प्रत व छायाचित्रे आपल्या ताब्यात राहतील असे करारात लिहून घ्यावे.