डंजन्स अँड ड्रॅगन्स (डीअँडडी) या कथा रचत खेळायच्या खेळाचं नवीन प्लेअर्स हँडबुक (२०२४): बरेच महिने खेळल्यावर, मुख्यतः पोशनबद्दल

चित्रं सुंदर आहेत, ३८४ पानं आहेत, शोधायला जुन्यापेक्षा सोपं आहे. हे सगळीकडे वाचून झालं असेल, त्यामुळे मी थेट हीलिंग पोशनवर, म्हणजे जखमा भरणाऱ्या औषधाच्या बाटलीवर येतो.

२०१४च्या नियमांत ही बाटली प्यायला अख्खी ॲक्शन (फेरीतली मुख्य कृती) जायची. ५० गोल्ड मोजून घेतलेली बाटली, त्यातून मिळणार दोन डी४ (चार बाजूंचे फासे) अधिक २, म्हणजे सरासरी ७ हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण), आणि तेवढ्यासाठी त्या फेरीतला हल्ला सोडायचा. कोण पिणार? कॅम्पेन, म्हणजे अख्खी मोहीम, संपेपर्यंत बाटल्या झोळीतच. म्हणून कितीतरी टेबलांवर एक घरचा नियम आपोआप रुजला: स्वतः प्यायचं असेल तर बोनस ॲक्शन (मुख्य ॲक्शनशिवाय फेरीत करता येणारी एक छोटी कृती) पुरे. आम्ही पुण्यात खेळतो, डीएम (खेळ चालवणारा) मी. आमच्याकडे त्याला एक पुरवणी होती. घाईत, बोनसमध्ये प्यायलात तर फासे टाका, पडेल ते घ्या. अख्खी ॲक्शन देऊन शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलात तर फासे नाहीत, सरळ १०, म्हणजे जास्तीत जास्त. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतायचं असेल तर ॲक्शनच लागेल, कारण लढाईच्या मधोमध कोणाचा जबडा उघडणं हे काही जाता जाता करायचं काम नाही.

हे सगळं आमच्या नियमांच्या वहीत पहिल्याच पानावर आहे. वही चाळीस रुपयांची.

नवीन पुस्तक मला चार हजारांच्या आसपास पडलं, वर कोपरा दुमडलेला आला आणि दुकानदाराने बदलून दिलं नाही (त्यावर वेगळं लिहिता येईल, पण रक्तदाब वाढतो). घरी येऊन उघडलं, तर पोशन आता बोनस ॲक्शन. म्हणजे जे आम्ही फुकटात ठरवलं होतं तेच पुठ्ठ्याच्या बांधणीत विकत घेतलं! बरं, तेही अर्धवट. पूर्ण १० मिळवायची सोय नाही, त्यामुळे घाई करू की नीट पिऊ, हा विचारच उरला नाही. आणि शेजारी ५ फुटांवर पडलेल्याला पाजणंसुद्धा बोनसमध्येच.

हे शेवटचं वाक्य वाचताना बारीक वाटतं, पण टेबलावर त्याने धुमाकूळ घातला. फायटर शून्य हिट पॉइंटवर जातो, म्हणजे बेशुद्ध पडतो, शेजारचा रोग (rogue, चोरटा लढवय्या) हल्लाही करतो आणि बोनसमध्ये बाटलीही ओततो. फायटर उठतो, कुऱ्हाड चालवतो, परत पडतो. मग क्लेरिकचा (पुजाऱ्याचा) हीलिंग वर्ड हा जखमा भरणारा मंत्र, तो आधीपासून बोनस होताच, आता एका डी४च्या जागी दोन डी४. उठाबशा नुसत्या! क्युअर वुंड्स हा तसाच दुसरा मंत्रही एक डी८वरून दोन डी८ झालंय. शून्याची भीतीच गेली. माझ्या ओगर नावाच्या राक्षसाने जीव तोडून मारलं, तरी समोरचे लोक चहाचा कप खाली न ठेवता "पाज रे त्याला" म्हणतात.

बोनस ॲक्शनची गर्दी हा याच तक्रारीचा दुसरा भाग. सगळ्यात वाईट गत पॅलाडिनची, म्हणजे शपथ घेतलेल्या दैवी योद्ध्याची. जुन्या पुस्तकात हल्ला लागल्यावर स्माइट (दैवी ताकदीचा जादा मार) करायला वेगळी ॲक्शन लागत नव्हती, एका फेरीत दोनदाही करता यायचा. आता डिव्हाइन स्माइट हा स्पेल (मंत्र) आहे, बोनस ॲक्शन खातो आणि समोरच्याकडे काउंटरस्पेल (मंत्र मोडणारा मंत्र) असेल तर हाणून पाडता येतो. हात लावून जखमा भरायचं ले ऑन हँड्सही बोनस. पोशनही बोनस. आमच्या पॅलाडिनवाल्याने पहिल्याच लढाईत स्माइट जाहीर केला, मग बाटली काढली.

"अरे, बोनस संपला तुझा."

"मग ॲक्शनने पितो."

"ॲक्शनने हल्ला केलास ना!"

पुढच्या रविवारी तो जुनं पुस्तक घेऊन आला आणि यातूनच खेळणार म्हणाला. विकत घेतलेलं मागाहून बदललं जातं, हा त्याचा संशय अगदी निराधार नाही. ऑगस्ट २०२४मध्ये, पुस्तक बाजारात यायच्या आधीच, डीअँडडी बियॉंड या अधिकृत साइटवर लोकांच्या कॅरेक्टर शीटमधले (पात्रांच्या नोंदींमधले) जुने स्पेल काढून त्या जागी नवे बसवणार असं जाहीर झालं होतं. जुने हवे असतील तर ते होमब्रू (घरचे नियम) म्हणून स्वतः भरा, असा सल्ला. लोक खवळले आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घेतला गेला. पैसे देऊन घेतलेली वस्तू हातातून बदलली जाते म्हटल्यावर माणूस कागदाला चिकटून बसणारच. शेवटी तडजोड अशी: स्माइट नव्याच नियमाने, पण पॅलाडिनला स्वतःची बाटली प्यायची असेल तर हल्ल्यांपैकी एक सोडून पिता येईल. पाचव्या लेव्हलला दोन हल्ले असतात, त्यामुळे चाललं.

शस्त्रांच्या मास्टरीबद्दल (शस्त्रागणिक मिळणारी खास करामत) मी पहिले काही आठवडे भेटेल त्याला कौतुक सांगत होतो. फायटरला अखेर "मी मारतो" याच्या पलीकडे काही करता येतं. निक या मास्टरीमुळे दोन शस्त्रं वापरणाऱ्याचा बोनस मोकळा राहतो, आणि वरचं वाचलं असेल तर तो किती मोलाचा आहे ते कळलं असेल. पण मग फायटरने बॅटलॲक्स घेतली. बॅटलॲक्सला टॉपल (आडवं पाडायची मास्टरी). प्रत्येक लागलेल्या हल्ल्यावर मी कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (तग धरण्यासाठीचा फासा) टाकायचा, नाहीतर राक्षस आडवा. दोन हल्ले, ॲक्शन सर्ज (फायटरची जादा ॲक्शन) केला की चार, दर वेळी माझा फासा. सेशन रेंगाळायला लागलं. आता आमच्याकडे टॉपल फेरीतून एकदाच. गंमत म्हणजे नव्या नियमांतला लांडगा चावला की मध्यम आकाराचा माणूस सेव्हशिवाय सरळ आडवा होतो. जुन्यात निदान ११चा स्ट्रेंग्थ सेव्ह होता. फायटरने ते वाचून दाखवलं तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इथपर्यंतचं वाचून पुस्तक पाण्यात गेलं असं वाटेल. तसं झालं नाही, आणि त्याचं कारण एक्झॉशन, म्हणजे थकव्याचा नियम. पहिल्या वाचनात ते मला अगदी आळशी काम वाटलं होतं. जुन्या तक्त्यात प्रत्येक पायरीला वेगळी शिक्षा होती: तिसरीवर हल्ले आणि सेव्ह डिसॲडव्हांटेजने (दोन फासे टाकून कमी पडेल तो घ्यायचा), चौथीवर कमाल हिट पॉइंट निम्मे. नव्यात नुसती वजाबाकी. दर पायरीला डी२०च्या (वीस बाजूंच्या फाशाच्या) प्रत्येक रोलमधून २ वजा, चाल ५ फुटांनी कमी, सहाव्या पायरीला मरण. बस.

पण या सपाटपणामुळेच तो हाताळता येतो. "शून्यावरून उठलात तर एक्झॉशनची एक पायरी" हा नियम बरीच टेबलं पूर्वीपासून वापरतात. आम्हीही केला होता आणि सोडून दिला होता, कारण जुन्या तक्त्यात तिसऱ्यांदा उठणारा माणूस लढायच्या लायकीचाच राहत नसे. नव्या तक्त्यावर तोच नियम परत लावला. एकदा उठलास, उणे २, चालेल. तिसऱ्यांदा उणे ६, आणि लाँग रेस्टमध्ये (रात्रभराच्या विश्रांतीत) एकच पायरी उतरते, म्हणजे उद्याही त्रास. उठाबशा बंद! आता लोक पडायच्या आधी पितात, आमच्या वहीतल्या नियमाने ॲक्शन देऊन पूर्ण १० घेणारेही पुन्हा दिसायला लागले. पुस्तकातल्या एका नियमाने बिघडवलेलं त्याच पुस्तकातल्या दुसऱ्याने निस्तरलं. तेवढ्यासाठी चार हजारांतले हजारएक वसूल धरतो.

नियम छापले गेले की घरचे नियम संपतील असं ज्यांना वाटतं त्यांनी मेंढीकोट आठवावा. मामाकडे बंद हुकूम, आमच्याकडे कट हुकूम, आणि दिवाळीत पहिला अर्धा तास त्याच भांडणात. छापणारेही घरांकडे बघतच असतात. फाशावर नैसर्गिक २० पडला की स्किल चेकही (कौशल्य वापरायचा प्रयत्न) आपोआप यशस्वी, ही टेबलांवरची जुनी सवय ऑगस्ट २०२२च्या चाचणी नियमांत आली होती, नंतर काढली. आमच्याकडे ती आहे आणि राहील.

घेऊ की नको विचारणाऱ्यांसाठी: आधी फुकटचं बघा. एप्रिल २०२५मध्ये आलेला एसआरडी ५.२, म्हणजे नियमांचा फुकट संच, क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याखाली आहे. त्यात बाराही क्लास (फायटर, पॅलाडिन असे पात्रांचे प्रकार) एकेका सबक्लाससह (उपप्रकारासह), मास्टरी, एक्झॉशन आणि माझं ते पोशन, सगळं आहे. पुस्तकात तुम्ही पैसे मोजता ते उरलेल्या सबक्लासचे आणि १६ बॅकग्राउंडचे, म्हणजे पात्रांच्या पूर्वायुष्यांचे (एसआरडीत ४). त्यातही स्वतःचं बॅकग्राउंड बनवायची रीत, जी जुन्या हँडबुकातच होती, आता डीएम गाईडमध्ये हलवली आहे. म्हणजे आणखी एक खरेदी. टेबलाला मिळून एक प्रत पुरते.

पॅलाडिनवाला हल्ली नवीन मॉन्स्टर मॅन्युअल (राक्षसांचं पुस्तक) कधी घेणार म्हणून मागे लागलाय. त्याने वर्गणी काढली तर उद्या घेतो.