शाळेचे कृत्रिम मैदान: वाळू बदलावी की गालिचा?

ब्रिटनमधील अनेक शाळांत हॉकीसाठी वाळू भरलेली कृत्रिम मैदाने आहेत, म्हणजे कृत्रिम गवताचा गालिचा आणि त्याच्या धाग्यांमध्ये भरलेली वाळू. पावसानंतर त्यांवर पाणी साचू लागले आणि कडेला शेवाळ धरले की शाळेपुढे दोन मार्ग असतात: मळलेली वाळू काढून नवी भरणे किंवा गालिचाच बदलणे.

पाणी साचण्याचे कारण बहुधा वरच्या थरातच असते. झिजलेल्या धाग्यांचा चुरा, पालापाचोळा आणि बुटांबरोबर आलेली माती वाळूच्या कणांमधील पोकळ्या बुजवते आणि पाणी खाली झिरपेनासे होते. पहिल्या मार्गात दाबाखालील हवेने किंवा फिरत्या ब्रशांनी ही वाळू उपसून धुतलेली, गोलसर कणांची वाळू भरतात; काम काही दिवसांचे असल्याने ते सुट्टीत उरकता येते. मात्र सांधे उसवलेले असतील किंवा धागे मुळाशी झिजले असतील, तर नवी वाळू म्हणजे विरलेल्या कापडाला लावलेले ठिगळच.

गालिचा साधारणपणे 8 ते 10 वर्षे टिकतो. तो बदलणे कितीतरी महाग पडते. शिवाय जुन्या गालिच्याची वाळूसकट विल्हेवाट लावण्याचा खर्च (जो अंदाजपत्रकात सहज विसरला जातो) वेगळाच. दिलासा एवढाच, की धक्के शोषणारा खालचा थर सुस्थितीत असल्यास तो तसाच ठेवता येतो.

धागे शाबूत असतील, तर आधी वाळूच बदलावी, असे माझे मत आहे. मात्र ही पाहणी मैदानाच्या कडेला न करता गोलसमोरच्या ‘डी’मध्ये (अर्धवर्तुळाकार भागात), बोटांनी वाळू बाजूला सारून करावी, कारण सर्वाधिक झीज तिथेच होते.