नियमित शाळा, विशेष शाळा की मुक्त विद्यालय? विशेष गरजा असलेल्या मुलाच्या पालकांसाठी तुलना

मूल तिसरी-चौथीत गेले की वर्गशिक्षिका पालकांना बोलावून सांगतात, ‘हुशार आहे, पण वहीत काही उतरत नाही, एकदा कुणाला तरी दाखवून घ्या.’ त्यानंतर महाराष्ट्रातील पालकांपुढे साधारणपणे तीन वाटा येतात. आहे त्याच शाळेत राहून सवलती मिळवायच्या, विशेष शाळेत प्रवेश घ्यायचा, किंवा शाळा सोडून राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, दहावी करायची. बहुतेक घरांत चर्चा फी आणि अंतर यांवरून सुरू होते. माझ्या मते पहिला प्रश्न वेगळा असावा: आज घेतलेला निर्णय दोन वर्षांनी फिरवता येईल का?

कायद्याने ही निवड पालकांकडेच दिलेली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३१ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा आपल्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यामुळे ‘तुम्ही याला विशेष शाळेतच घाला’ हे मुख्याध्यापकांचे वाक्य सल्ला म्हणून ऐकावे, आदेश म्हणून नव्हे. शिवाय शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही.

नियमित शाळेत राहायचे तर सगळे प्रमाणपत्रावर अडते. खासगी मानसोपचारतज्ज्ञांचा अहवाल उपचारात्मक अध्यापनासाठी, म्हणजे मुलाच्या अडचणीनुसार वेगळ्या पद्धतीने शिकवण्यासाठी, उपयोगी असतो, पण बोर्डाच्या सवलतींसाठी शासनमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र लागते. मुंबईत त्यासाठी शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे अध्ययन अक्षमता केंद्र अनेकांना परिचित आहे. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे अध्ययन अक्षमतेचे, म्हणजे बुद्धी ठीक असूनही वाचन, लेखन किंवा गणितात सतत येणाऱ्या अडचणीचे, निदान आठव्या वर्षानंतर होते आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी फेरतपासणी होते. चौदावे वर्ष नेमके आठवी-नववीत येते, म्हणून दहावीचा अर्ज भरायच्या वेळी धावाधाव करण्यापेक्षा आठवीच्या सुट्टीतच तारीख घेऊन ठेवावी.

प्रमाणपत्र हाती आल्यावर जादा वेळ, लेखनिक, एका भाषेतून सूट, बीजगणित-भूमितीऐवजी सातवीच्या पातळीचे अंकगणित अशा सवलती मागता येतात. यांतील जादा वेळ आणि लेखनिक यांनी काही गमवावे लागत नाही. गणिताची सवलत मात्र महाग पडू शकते, कारण ती घेतलेल्या मुलाला पुढे गणितासह विज्ञान शाखेकडे वळणे जवळजवळ अशक्य होते. ज्या मुलाची अडचण वाचन-लेखनात आहे आणि आकडेमोड ठीक चालते, त्याला केवळ मिळते म्हणून ही सवलत घेऊ देऊ नये.

या वाटेचा खरा कच्चा दुवा म्हणजे माणूसबळ. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निर्णयानंतर प्राथमिक स्तरावर १० विशेष गरजा असलेल्या मुलांमागे एक आणि त्यापुढे १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरले, पण कागदावरचे प्रमाण वर्गात पोहोचलेले दिसतेच असे नाही. शाळेला भेट द्याल तेव्हा समावेशित शिक्षणाचे, म्हणजे सर्व मुलांना एकाच वर्गात शिकवण्याचे, धोरण आहे का, हे विचारू नका. विशेष शिक्षक आठवड्यातून किती तास येतात आणि ते भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत आहेत का, हे विचारा.

विशेष शाळेचा विचार दिव्यांगत्वाच्या प्रकारानुसार करावा लागतो. कर्णबधिर आणि अंध मुलांच्या अनेक शाळा बोर्डाच्याच परीक्षेकडे नेतात. बौद्धिक दिव्यांग मुलांच्या शाळांत, मग ती १९४४ पासूनची मुंबईची जय वकील असो वा पुण्याची कामायनी, भर स्वावलंबन, संवाद आणि व्यवसायप्रशिक्षण यांवर असतो. ज्या मुलाला पन्नास जणांच्या वर्गात दिवसभर गप्प बसवून ठेवले जाते, त्याला हे कितीतरी अधिक देते. तिथून नियमित शाळेत परतणारी मुले मात्र थोडी असतात. आणि निव्वळ अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची ही जागा नव्हे.

एनआयओएसची लवचिकता खरी आहे. दहावीला किमान पाच विषय लागतात, गणित सक्तीचे नाही, मराठी माध्यम उपलब्ध आहे आणि उत्तीर्ण होण्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. यंदा दोन विषय, पुढच्या खेपेला उरलेले, असे करता येते. काही पालक याची गल्लत सतरा नंबरच्या फॉर्मशी करतात. त्या फॉर्मने मूल बाहेरून बसते खरे, पण परीक्षा राज्य मंडळाची, पूर्ण अभ्यासक्रमाची. एनआयओएसची किंमत पैशांत कमी आणि घरच्या वेळेत जास्त मोजावी लागते: वेळापत्रक, शिकवणी, मित्रांची संगत, हे सगळे पालकांनाच उभे करावे लागते. आई-वडील दोघेही नोकरीला असतील आणि जवळ चांगले अभ्यासकेंद्र नसेल, तर ही लवचिकता मुलाला दिवसभर मोबाइलसमोर बसवते.

म्हणून अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाला मी आठवीपर्यंत नियमित शाळेतच ठेवावे असे म्हणेन. तोपर्यंत कायदा पाठीशी असतो आणि पुढे राज्य मंडळाची दहावी आणि एनआयओएस या दोन्ही वाटा खुल्या राहतात. बौद्धिक दिव्यांगत्व मध्यम किंवा तीव्र असेल, तर वाट पाहण्यात वर्षे वाया जातात. विशेष शाळा लवकर पाहावी. स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांबाबत असा सरसकट नियम सांगता येत नाही, कारण एकाला वर्गातला गोंगाटच सोसत नाही आणि दुसरा त्याच वर्गात रमतो.

कोणतीही वाट निवडली तरी शाळेकडे मागणी तोंडी करू नये. प्रमाणपत्राच्या प्रतीसह लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. शाळेने टाळाटाळ केली, तर आधी शिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि नंतर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे जाताना ही पोचच पहिली मागितली जाते.