घरी बसवलेली चेन-स्प्रॉकेट किट : आठ महिने आणि 5,400 किलोमीटरनंतर

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, जळगावच्या आमच्या घराच्या ओट्यावर, मी माझ्या 200 सीसीच्या मातीत चालणाऱ्या मोटरसायकलची चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट (चेन ज्यांवरून धावते ती पुढची-मागची दातेरी चाके) स्वतः बदलली. तेव्हापासून ही किट पाल गावाकडच्या कच्च्या रस्त्यांवर, गिरणेच्या पात्रातल्या वाळूत, यावल-रावेरच्या केळीबागांमधल्या शिवारवाटांवर आणि तोरणमाळच्या दोन फेऱ्यांत वापरली गेली आहे. ती कशी टिकली हे सांगतानाच माझा एक निर्णय कसा चुकला, तेही सांगणे भाग आहे.

जुनी चेन खरोखरच संपली होती. चेन ‘लांबते’ असे आपण म्हणतो, पण तिच्या पट्ट्या ताणल्या जात नाहीत. प्रत्येक सांध्यातील पिन आणि तिच्याभोवतीची नळी, म्हणजे बुश, झिजतात आणि ती सूक्ष्म झीज सगळ्या कड्यांमध्ये साठत जाते. 520 मापाच्या नव्या चेनमध्ये 20 कड्यांची लांबी, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंतचे अंतर, 317.5 मिलिमीटर असते. माझ्या चेनमध्ये ते 322.5 भरले. मागच्या स्प्रॉकेटचे दात एका बाजूला कलून आकड्यासारखे झाले होते, त्यामुळे तिन्ही वस्तू एकत्रच बदलायच्या होत्या. झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली तर ती काही महिन्यांतच जुनी होते.

उन्हाळ्यात आमच्याकडे सकाळी दहानंतर पान्याला हात लावता येत नाही, म्हणून सहालाच काम सुरू केले. पहिला घोळ तिथेच झाला. मी उत्साहाने आधी चेन तोडली आणि मग पुढच्या स्प्रॉकेटच्या नटाकडे वळलो. नटाखालच्या वॉशरची दुमडलेली कड छिन्नीने सरळ केली, पाना लावला, आणि स्प्रॉकेट पान्याबरोबर फिरू लागले. तो नट जुनी चेन जागेवर असतानाच, कोणाला तरी मागचा ब्रेक दाबून धरायला सांगून, सैल करायचा असतो. शेवटी जुनी चेन पुन्हा चढवून, जोडकडीचे लॉक तात्पुरते लावून तो नट काढला. शेजारचे काका दूध घेऊन परतताना थांबले आणि म्हणाले, “भाऊ, इतला कुटाना कसाले करस?” (एवढा खटाटोप कशाला करतोस?) त्या क्षणी माझ्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा घोळ होता होता टळला. नवी चेन 120 कड्यांची होती आणि गाडीला 116 लागतात. मी दोन्ही चेन गोणपाटावर शेजारी मांडून लांबी जुळवायला निघालो होतो. पण जुनी चेन झिजेमुळे एकूण सुमारे 29 मिलिमीटर लांब झालेली होती, म्हणजे जवळपास दोन कड्या. तिच्या मापाने कापली असती तर नवी चेन पहिल्याच दिवशी सैल बसली असती. कड्या मोजूनच कापाव्यात, आणि दोनदा मोजाव्यात. क्लिपचे लॉक लावताना तिचे बंद टोक चेन ज्या दिशेने धावते त्या दिशेला ठेवले.

किट म्हणून पाहिले तर माझी तक्रार नाही. चेन एक्स-रिंगची आहे, म्हणजे पिन आणि बुशमधले ग्रीस रबरी कड्यांनी आत कोंडलेले असते. ती घासलेटाने आणि मऊ ब्रशने धुतो, कोरडी करून 90 नंबरचे गिअर ऑइल लावतो आणि जास्तीचे फडक्याने पुसून काढतो. पेट्रोल आणि तारेचा ब्रश या रबराचे शत्रू आहेत. फवाऱ्याचे चिकट वंगण वाळूत दोनदा वापरून पाहिले, पण त्यावर गिरणेची वाळू अशी बसली की चेन सहाणेसारखी झाली. आज 20 कड्यांची लांबी 319 मिलिमीटर आहे, म्हणजे झीज अर्ध्या टक्क्याच्या आतच आहे. मागचे पोलादी स्प्रॉकेट जवळपास नवेच वाटते. अ‍ॅल्युमिनियमचे हलके असते हे मान्य, पण आपल्या धुळीत मी ते घेणार नाही.

पावसाळ्यात ताणाचा धडा मिळाला. गाडीच्या पुस्तकातल्या किमान मापावर, 35 मिलिमीटरवर, मी चेनची ढील, म्हणजे वर-खाली हलण्याची मोकळीक, ठेवली होती. जुलैत काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चिखल दातांच्या तळाशी घट्ट भरला, चेन वर उचलली गेली आणि तारेसारखी ताठ होऊन कुरकुरू लागली. मागचा शॉक दबताना चाक, स्विंगआर्मचा (मागचे चाक धरणाऱ्या दांड्याचा) खिळा आणि पुढचे स्प्रॉकेट एका रेषेत आले की चेनला सर्वांत जास्त लांबी लागते. त्यात चिखलाची भर पडली तर भार थेट गिअरबॉक्सच्या शाफ्टच्या बेअरिंगवर येतो. बाभळीच्या काडीने माती उकरत घर गाठले आणि ढील 45 मिलिमीटर केली, जी माझ्या गाडीच्या पुस्तकातली वरची मर्यादा आहे. त्यानंतर ती कुरकुर पुन्हा ऐकू आली नाही.

आता चुकलेल्या निर्णयाकडे येतो. पुढे मूळ 13 दातांऐवजी मी 12 दातांचे स्प्रॉकेट बसवले. मागचे 40 तसेच ठेवले. गुणोत्तर 3.08 वरून 3.33 झाले. तोरणमाळच्या चढावर आणि वाळूत त्याचा फायदा निर्विवाद मिळाला, पहिल्या गिअरमध्ये क्लच जाळावा लागला नाही. मात्र धुळ्याच्या महामार्गावर त्याच वेगाला इंजिन सुमारे आठ टक्के जास्त फिरते आणि तासाभरात हातांना मुंग्या येतात. खरी किंमत दातांवर दिसते. चेनच्या कड्या नेहमी सम असतात आणि आतली-बाहेरची कडी आळीपाळीने येते. 12 ही सम संख्या असल्यामुळे एका दाताच्या वाट्याला कायम बाहेरची, तर शेजारच्याच्या वाट्याला कायम आतली कडी येते. 13 दातांवर ही पाळी दर फेरीला बदलते. माझ्या स्प्रॉकेटचे एकाआड एक दात उघड जास्त झिजले आहेत. शिवाय लहान स्प्रॉकेटवर कडी अधिक कोनात वळते, आणि मागच्या एका फेरीत पुढच्याच्या तीनहून अधिक फेऱ्या होतात. एवढे सगळे मला आधी समजले असते, तर घाटाच्या दोन सहलींसाठी रोजची गाडी बदलली नसती.

13 दातांचे पोलादी स्प्रॉकेट मागवले आहे. चेन इतकी कमी झिजलेली असताना तिच्यावर नवे पुढचे स्प्रॉकेट चालेल. दात वाढल्याने मागचे चाक साधारण 4 मिलिमीटर पुढे घ्यावे लागेल आणि स्विंगआर्मवरच्या खुणांवर भरवसा न ठेवता दोन्ही बाजूंचे अंतर पट्टीने मोजावे लागेल. यावेळी नट आधी सैल करणार आहे, आणि ब्रेक दाबायला काकांनाच बोलावले आहे.